उवा झाल्या आणि आबा गेले

आशालताबाई वझलवारांनी शनिवारी संध्याकाळी मुलीची वेणी घालायला घेतली आणि ती अर्धवट सोडून आधी समोरचं दार लावलं, मग मागचं लावलं, मग खिडकीही ओढून घेतली. मुलगी अलकनंदा दहा वर्षांची. एक वेणी घातलेली आणि एक सुटलेली अशा अवस्थेत ती आईकडे पाहत राहिली.

"काय झालं?" चिंतामणरावांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं. ते बालाघाटच्या जंगल ऑफिसात हेडक्लार्क होते. दार उघडं असलं काय नि बंद असलं काय, पेपर वाचून होईपर्यंत त्यांना फरक पडत नसे.

"हळू बोला. नंदाच्या डोक्यात ऊ आहे."

"मग मार नं."

"एक असती तर मारली नसती का? बिऱ्हाडच आहे अख्खं."

आता शाळेत जाणाऱ्या पोरीच्या डोक्यात उवा सापडणं ही काही पेपरात छापायची बातमी नाही. कोणाच्याही घरी सापडतात, आणि लोक गुपचूप कामाला लागतात. पण आशालताबाईंची गोष्ट वेगळी होती. त्या महाराष्ट्र मंडळाच्या महिला शाखेच्या चिटणीस. शेजारच्या क्वार्टरमधल्या ललिताबाईंच्या मुलीला उवा झाल्या, तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवात, सगळ्या बायकांसमोर त्या बोलून बसल्या होत्या, "ऊ जागा पाहून येते हो. आमच्या घरात आजवर तिची हिंमत झाली नाही." तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पुढच्याच महिन्यात त्यांनी मंडळात 'केसांची निगा' या विषयावर भाषण केलं आणि ललिताबाईंना आग्रहानं पहिल्या रांगेत बसवलं.

ललिताबाई त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. उलट तेव्हापासून फार गोड वागायला लागल्या. लोणचं पाठवायच्या, तब्येत विचारायच्या. आशालताबाईंना त्या गोडपणाची मनातून भीती वाटायची. आता या घरातली एक ऊ जरी भिंतीपलीकडे कळली, तर चिटणीसपद तर जाईलच, पण त्याहून वाईट म्हणजे ललिताबाई लोणचं घेऊन समाचाराला येतील.

"ही गोष्ट या घराच्या बाहेर जायची नाही," आशालताबाई म्हणाल्या. "नंदा, कोणाला सांगशील तर पाहा."

"माझंही डोकं बरेच दिवसांपासून खाजून राहिलं," चिंतामणराव म्हणाले. "मला वाटलं, नवीन तेलानं असेल."

आशालताबाईंनी त्यांना दिव्याखाली बसवलं आणि त्यांचे दाट, कुरळे केस बाजूला केले. "तुमच्यात तर लिखाही आहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मुक्काम जुना आहे."

राहिलं त्यांचं स्वतःचं डोकं. जगातलं दुसऱ्या कोणाचंही डोकं माणसाला पाहता येतं, स्वतःचं येत नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच चिंतामणराव चष्मा लावून बायकोच्या पाठीमागे बसले.

"काही दिसते का?"

"काही नाही. केस आहेत."

"नीट पाहा नं."

"थांब. हौ, एक चालून राहिली."

"मग मारा."

"पळाली."

घरात फणी नव्हती. उवा नसलेल्या घरात फणी कशाला असेल, असं आशालताबाई इतकी वर्षं अभिमानानं सांगत आल्या होत्या. गावातल्या बाजारात जाऊन फणी घ्यायची म्हणजे डांगोरा पिटण्यासारखंच. म्हणून रविवारी सकाळी चिंतामणराव सायकल काढून थेट भरवेलीला गेले. तिथे मॅंगनीजच्या खाणीवरच्या लोकांची गर्दी, आपल्याला कोण ओळखतं, अशा विचारानं त्यांनी एका बांगड्यावाल्याकडून बारीक दातांची लाकडी फणी घेतली, आणि मागे वळतात तर समोर ऑफिसचा चपराशी महागू. त्याचा मेहुणा खाणीत होता, हे चिंतामणरावांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"नमस्ते बाबूसाहेब. फनी घेऊन राह्यले?"

"हौ. आमच्या आबांसाठी," चिंतामणराव म्हणाले. "खैरलांजीहून त्यांचा निरोप आला. फणी पाहिजे म्हणे."

आबा म्हणजे त्यांचे वडील. खैरलांजीला एकटेच राहून शेती पाहत. त्यांच्या डोक्यावर गेल्या कित्येक वर्षांत एक केस उगवला नव्हता, हे चिंतामणरावांना सायकलवर टांग टाकल्यावर आठवलं. पण महागूनं आबांना पाहिलं होतं कुठे? तो भक्तिभावानं मान हलवून निघून गेला होता.

घरी आल्यावर दारं पुन्हा बंद झाली. फणीनं काम भागेना, तेव्हा आशालताबाईंनी कपाटातून सीताफळाच्या वाळलेल्या बिया काढल्या. दिवाळीच्या सुमाराला आबांनी पोतंभर सीताफळं पाठवली होती, आणि आशालताबाई कुठलीच वस्तू फेकत नसत. त्यांच्या माहेरी उवांवर याच बिया वाटून लावायचे. त्यांनी पाट्यावर बिया बारीक वाटल्या, खोबरेल तेलात कालवल्या आणि तिघांच्या डोक्यांना थापून वर फडकी बांधली.

"डोळ्यांत जाऊ देऊ नका," त्यांनी बजावलं. "फार झोंबते."

एप्रिलची दुपार, दारं-खिडक्या बंद, आत भट्टी पेटल्यासारखं झालेलं. चिंतामणरावांना बसल्याबसल्या डुलकी लागली. उकाड्यानं तेल पातळ झालं, फडक्याखालून निघून कपाळावरनं हळूहळू खाली उतरलं, आणि माशी बसली असेल असं वाटून चिंतामणरावांनी झोपेतच दोन्ही हातांनी डोळे चोळले.

मग त्यांनी जो हंबरडा फोडला, तो आशालताबाईंनी सासूबाई गेल्या तेव्हाही ऐकला नव्हता.

पाणी आणा, दूध आणा, तूप आणा, असं करता करता सगळ्या घराची धावपळ झाली. त्या धांदलीत आशालताबाईंचाही हात स्वतःच्या डोळ्याला लागला आणि नंदाचाही तिच्या. तिघंही मोरीत बसून रडायला लागली. डोकी घाईघाईनं धुवून टाकली. औषध असं अर्ध्यातच निघून गेलं. उवांना बहुधा नुसती आंघोळ घडली असावी.

"बस झालं," डोळ्यांवर ओला पंचा धरून चिंतामणराव म्हणाले. "मला काही ते औषध नको नि बिया नको. पुनारामला बोलाव. सगळेच केस काढून टाकतो."

"आणि लोकांनी विचारलं तर?"

"उन्हाळा आहे म्हणेन. डोक्याला गारवा पाहिजे म्हणेन. माझं डोकं आहे, मी काहीही करीन."

संध्याकाळी नंदा पुनाराम न्हाव्याकडे जाऊन आली. तिला जसं शिकवलं होतं तसंच तिनं सांगितलं. बाबांनी बोलावलं आहे. मागच्या दारानं या. सगळेच केस काढायचे आहेत. कोणाला सांगू नका. हे सांगताना तिचे डोळे रडून सुजल्यासारखे लाल होते.

पुनारामनं हातातलं गिऱ्हाईक सोडलं आणि तो धोकटी घेऊन निघाला. बालाघाटात त्याच्या घराण्याचा वस्तरा पिढ्यान्‌पिढ्या चालत होता. चांगला धडधाकट माणूस न्हाव्याला मागच्या दारानं घरी बोलावून पूर्ण डोकं कधी करून घेतो, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. आत आल्यावर त्यानं पाहिलं, तर दारं बंद, चूल थंड, बाईंच्या डोळ्यांना धार लागलेली, आणि बाबूसाहेब डोळ्यांवर पंचा ठेवून भिंतीला टेकलेले. अशा वेळी काही विचारायचं नसतं. त्यानं वाटीत पाणी घेतलं आणि कामाला सुरुवात केली.

वस्तरा डोक्यावरून फिरत होता तोवर चिंतामणरावांना बरं वाटत होतं. मग नाकाखाली पाणी लागलं, आणि काय होतंय हे कळायच्या आत अर्धी मिशी गेली.

"अरे, मिशी काहून काढली?"

"ते ठेऊन कसं चालन बाबूसाहेब?" पुनाराम मऊ आवाजात म्हणाला. "काढा लागते."

मिशीतही होतात की काय, असं चिंतामणरावांच्या मनात आलं. हा माणूस आयुष्यभर लोकांची डोकी पाहत आला, त्याला ठाऊक असेल. शिवाय अर्धी मिशी ठेवून तरी काय करणार. त्यांनी उरलेली अर्धीही काढू दिली. पुनारामनं पैसे घेतले नाहीत. "ते मंग पाहू," म्हणाला, आणि जाताना त्यानं दोन्ही हात जोडले. चिंतामणरावांनीही जोडले. न्हावी इतका विनयशील कधीपासून झाला, एवढंच त्यांना नवल वाटलं.

आशालताबाई दिवा घेऊन आल्या आणि नवऱ्याकडे पाहून उभ्याच राहिल्या. तुळतुळीत डोकं. मिशी नाही. डोळे रडून रडून सुजलेले. आणि डोक्याच्या मागे, बरोब्बर मधोमध, पुनारामनं मोठ्या काळजीनं राखलेली बोटभर शेंडी.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचा बाप मेल्यासारखे दिसून राहिले तुम्ही."

चिंतामणरावांचा हात शेंडीवर गेला, मग नाकाखाली गेला, आणि तिथेच थांबला. पुनाराम का हात जोडून गेला, ते त्यांना आता कळलं. तेवढ्यात समोरचं दार वाजलं.

दारात ललिताबाई होत्या. त्यांनी सकाळपासून बंद दारं पाहिली होती. दुपारी भिंतीपलीकडून पुरुषमाणसाचा हंबरडा ऐकला होता. दिवेलागणीला मागच्या दारानं न्हावी जाताना पाहिला होता. आणि आता आतल्या दिव्यात त्यांना चिंतामणरावांचं डोकं दिसत होतं. सासूबाईंना जाऊन तर किती वर्षं झाली होती. म्हणजे राहिलं एकच माणूस.

"आबा गेले नं हो?" असं म्हणत ललिताबाई आशालताबाईंच्या गळ्यात पडल्या.

आशालताबाईंनी तोंड उघडलं. नाही, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. पण नाही म्हटलं की मग हे डोकं कशाचं, ही मिशी कशाची, आणि हे डोळे कशाचे, ते सांगावं लागलं असतं. आणि तेही ललिताबाईंना. आशालताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. आपण खोटं एक अक्षर बोललो नाही, हे त्या पुढे बरेच दिवस सांगत असत.

"हे काय केलंस?" ललिताबाई गेल्यावर चिंतामणराव म्हणाले. "माझा बाप जिवंत आहे. चांगला भाकरी खाऊन शेतात फिरून राहिला असेल."

"मी कुठं नाही म्हटलं? चार दिवस जाऊ द्या. मग सांगू की खबर चुकीची आली होती. तोवर तुमच्या डोळ्यांची सूजही उतरेल आणि आमची डोकीही साफ होतील."

"आणि आबांना कळलं तर?"

"खैरलांजी काय जवळ आहे?"

सोमवारी सकाळपासून लोक यायला लागले. ऑफिसातले सहकारी दुलीचंद साहेबांचा निरोप घेऊन आले. उन्हाळ्यात चार दिवस रजा द्या म्हणून चिंतामणराव साहेबांकडे महिनाभर खेपा घालत होते. आता पंधरा दिवसांची रजा न मागता मंजूर झाली.

"बाऊजी जैसे आदमी अब कहाँ मिलेंगे, बड़े बाबू," दुलीचंद डोळे पुसत म्हणाले. त्यांनी बाऊजींना कधी पाहिलंही नव्हतं. "आप जा नहीं पाए?"

चिंतामणराव काय उत्तर द्यावं याचा विचार करत होते, तोवर दुलीचंदांनीच ते दिलं. "गरमी का मौसम है। गाँव वाले रोकते भी कैसे। कर दिया होगा उन्होंने।" बाकीच्यांनी माना डोलावल्या. असंच सगळं चाललं होतं. आबा केव्हा गेले, कसे गेले, कोणी अग्नी दिला, हे लोक एकमेकांना सांगत होते, आणि चिंतामणराव ते ऐकून घेत होते. त्यात सगळ्यात अवघड गेलं ते महागूचं. तो पायरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कालच त फनी घेत होते आबासाठी. म्हाताऱ्याची शेवटची इच्छा होती जी, फनी पाह्यजे म्हनून. नाई पोचली."

दोन-तीन जणांना गहिवरून आलं. चिंतामणरावांनाही आलं, पण ते शरमेनं. आपण जिवंत बापाच्या नावानं लोकांचं सांत्वन घेतो आहोत, आणि संध्याकाळी शेजारून आलेलं पिठलं-भात दोनदा वाढून घेतो आहोत, याचा त्यांना मनापासून राग येत होता. पिठलं फार चांगलं होतं, म्हणून तर जास्तच.

आत बायकांची रीघ लागली होती. मंडळाच्या झाडून सगळ्या आल्या. आपल्याकडे बायकांनी समाचाराला येऊन लांबून हात जोडले तर तो समाचार समजला जात नाही. गळ्यात पडावं लागतं, डोक्याला डोकं लावावं लागतं, आणि समोरची बाई हुंदका देईपर्यंत सोडता येत नाही. आशालताबाईंच्या डोक्यातलं औषध अर्ध्यातच धुतलं गेलं होतं, हे मागे सांगितलंच आहे. प्रत्येक मिठीला त्या मान तिरकी करू पाहत होत्या, पण मागे कसं सरणार? जी ती येत होती, ती घट्ट धरत होती, आणि घरी जाताना आपल्याबरोबर काय घेऊन जाते आहे हे एकीलाही माहीत नव्हतं.

नंदाला फक्त एवढं कळलं होतं की आबा मेले म्हणायचं नाही आणि जिवंत आहेत असंही म्हणायचं नाही. ती दिवसभर कोपऱ्यात गप्प बसून होती. त्यामुळे पोरीनं फार मनाला लावून घेतलं आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

मंगळवारी सकाळी व्हरांड्यात अशीच बैठक भरलेली असताना खैरलांजीची बस आली. थोड्या वेळानं फाटकातून एक म्हातारा जवळजवळ धावतच आत शिरला. पायांत वहाणा, हातात काठी, डोक्यावर टोपी, धोतर धुळीनं माखलेलं. चिंतामणराव त्यांना पाहून उठून उभे राहिले आणि तसेच राहिले.

आदल्या संध्याकाळी बसच्या ड्रायव्हरनं खैरलांजीच्या स्टॅंडवर सांगितलं होतं की बालाघाटला वझलवार बाबूंच्या घरी मयत झाली, बाबूंनी डोकं केलं, मिशी काढली. आबांनी ते ऐकलं आणि रात्र कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. घरात माणसं तीन. पोरानं डोकं केलं म्हणजे पोरगा आहे. मग कोण? सून? की नात? वाटेत शेजारी बसलेल्या माणसानं तंबाखू दिली, ती हातातच राहिली.

आबा व्हरांड्याच्या पायरीवर थांबले. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. दारात पदर घेऊन उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. मग कोपऱ्यातून नंदा "आबा" म्हणत धावत येऊन त्यांना बिलगली, तेव्हा ते तिथेच पायरीवर बसले. त्यांनी नातीला घट्ट धरलं. मग त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि विचारलं, "सारेच त हायेत इथं. मंग मेलं कोन?"

दुलीचंद हात जोडून अर्धवट उठले होते ते तसेच खाली बसले. महागू आबांच्या डोक्याकडे पाहत होता. त्या डोक्यावर ऊन चमकत होतं, आणि फणी फिरवायला तिथे कुठेही जागा नव्हती.

चिंतामणरावांनी बायकोकडे पाहिलं. आशालताबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या मागेच ललिताबाई उभ्या होत्या आणि फार लक्ष देऊन सगळं पाहत होत्या. आता खरं बोलण्यावाचून मार्ग उरला नव्हता.

नंदाचं डोकं अजून आबांच्या छातीशी होतं. आबांनी तिच्या केसांचा वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. खोबरेल तेलाचा वास होता, आणि त्यात दुसराही एक होता. जन्मभर सीताफळाच्या झाडांखाली वावरलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. त्यांनी मुलाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. सून लग्न होऊन आली तेव्हापासून आबा तिला ओळखत होते. तिच्या घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी असे, आणि चूक कबूल करण्यापेक्षा ती उपाशी राहिली असती. तिनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्या पाहण्यात त्यांना सगळं कळलं.

"असं आहे होय," आबा म्हणाले. मग लोकांकडे वळून, घसा साफ करून ते म्हणाले, "चूक माह्यी हाय. शनिवारी मले शेतात भोवळ आली. पडलो त पडलो, हालचाल नाई. लोकायले वाटलं, गेला म्हातारा. कोनीतरी इकडं निरोप धाडून देला असन. हौ, मी गेलतो. वापस आलो."

एवढा सरळ खुलासा कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. व्हरांड्यात एकदम आनंदीआनंद झाला. दुलीचंदांनी आबांचे पाय धरले. वर कसं वाटलं, असं एकानं विचारलं. "गर्दी हाय," आबा म्हणाले. ललिताबाईंनी पेढे मागवले. महागूला तेवढं एक विचारायचं होतं, पण फणीचा विषय काढायला त्याला धीर झाला नाही.

लोक गेल्यावर आशालताबाई सासऱ्यांच्या पाया पडल्या आणि तिथेच बसून खऱ्या रडल्या. "चुकलं माझं, मामंजी," त्या म्हणाल्या. "तुमच्या जिवावर उठले मी."

"जाऊ दे, सूनबाई," आबा म्हणाले. "या वयात मानूस उगाच बसून राह्यते. मी कोनाच्या कामी आलो." पण रात्रभरचा घोर अजून त्यांच्या छातीतून गेला नव्हता. ते नातीला जवळून हलू देत नव्हते. दुपारी त्यांनी सुनेला आणि नातीला समोर बसवलं, डोळ्यांवर घट्ट पट्ट्या बांधल्या, आणि स्वतःच्या हातानं बिया वाटून लावल्या. या वेळी औषध पूर्ण लागलं. दोन-तीन दिवसांत दोन्ही डोकी साफ झाली. चिंतामणरावांची मिशी तेवढी यायची राहिली.

पुढच्या आठवड्यात बालाघाटात एक चमत्कार घडायला लागला. पहिल्यांदा दुलीचंद डोकं करून ऑफिसात आले. कोणी विचारायच्या आधीच म्हणाले, "लालबर्रा वाले फूफाजी नहीं रहे." मग मंडळाच्या खजिनदारीणबाईंच्या यजमानांनी डोकं केलं. त्यांचे कोणी दूरचे मामा वारले होते. पुनारामला एवढी उसंत नव्हती की दुकानात बसावं. पण तो शहाणा झाला होता. वस्तरा लावायच्या आधी हळूच विचारायचा, "मिशी ठेवाची का काढाची?" सगळ्यांनी मिशी ठेवायला सांगितली. फुफाजी आणि मामांसाठी मिशी काढावी लागत नाही, आणि जिवंत बाप बसनं येऊन उभा राहतो हे सगळ्यांनी पाहिलंच होतं.

आणि मग एके दिवशी ललिताबाईंच्या घराची दारं बंद झाली. संध्याकाळी त्यांचे यजमान शरदचंद्र ओव्हरसियर तुळतुळीत डोक्यानं व्हरांड्यात येऊन बसले. नागपूरचे काका गेले, म्हणाले.

आशालताबाईंना समाचाराला जाणं भागच होतं. त्या गेल्या तेव्हा तिथे चार-पाच बायका बसल्या होत्या. ललिताबाई उठून दारापर्यंत आल्या. त्यांचे डोळे लाल होते. आशालताबाईंना आतून मागे सरावंसं वाटलं. पण मागे सरलं असतं तर आपल्याला काय माहीत आहे तेही कळलं असतं, आणि कसं माहीत आहे तेही. शिवाय त्या रविवारी दारात येऊन याच बाईनं आपल्याला घट्ट धरलं होतं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. आशालताबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ललिताबाईंना मिठी मारली. डोकं डोक्याला लागलं.

"आमचं कोणी गेलं नाही हो," ललिताबाई त्यांच्या कानाशी हुंदक्यातच म्हणाल्या.

"आमचंही गेलं नव्हतं," आशालताबाई म्हणाल्या.

आत बसलेल्या बायकांना दोघींचे खांदे हलताना दिसले. किती जीव लावतात एकमेकींना, असं त्या म्हणाल्या.

"संक्रांतीला बोलले ते मनावर घेऊ नका," आशालताबाई तशाच मिठीत कुजबुजल्या. "माझ्याकडे फणी आहे. उद्या दुपारी मागच्या दारानं पोरीला घेऊन या. सीताफळाच्या बियाही आहेत. फक्त डोळे बांधावे लागतात."

"डोळ्यांचं कळलं आम्हाला," ललिताबाई म्हणाल्या.

आशालताबाई घरी आल्या त्या हलक्या मनानं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कोणाची भीती वाटत नव्हती. अंगणात बाजेवर आबा बसले होते. खैरलांजीला परत जायचं ते रोज उद्यावर ढकलत होते. त्यांच्यापुढे उभं राहून समाचाराची हकीकत सांगता सांगता आशालताबाईंचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि कानामागे खाजवून खाली आला. थोड्या वेळानं पुन्हा गेला.

आबांनी ते दोन्ही वेळा पाहिलं. त्यांनी सावकाश टोपी काढली, टकलावरून हात फिरवला आणि टोपी पुन्हा घातली.

"सूनबाई," ते म्हणाले, "या खेपेले मी नाई मरनार. दुसरा कोनी पाहून ठेव."